यादीतलं सातवं ॲप

उल्हासतीर सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत त्या रविवारी संध्याकाळी जेवढी माणसं जमली, त्याच्या निम्मीसुद्धा पाण्याच्या टाकीच्या सभेला कधी जमली नव्हती. दहिवलीतली ही सोसायटी शिकल्यासवरल्या लोकांची. तीन इंजिनिअर, एक वकीलबाई, बँकेतून निवृत्त झालेले चौघे, आणि शिक्षक तर विचारूच नका. सगळे चपला काढून सतरंजीवर बसले होते आणि पाटावर बसलेल्या एका दाढीवाल्याकडे एकटक पाहत होते. दाढीवाल्याच्या पायाशी सोसायटीची पाच भटकी कुत्री तूप लावलेल्या पोळ्या खात होती. एरवी याच कुत्र्यांना हे लोक दगड मारत.

"भैरवनाथाचं वाहन कोण?" भैरवदास महाराजांनी विचारलं.

"कुत्रा!" सगळ्यांच्या आधी इंजिनिअर ओरडले.

"माणूस खोटं बोलतो. वकील तर पैसे घेऊन खोटं बोलतो." वकीलबाईंनी भक्तिभावानं मान डोलावली. "पण कुत्रा? अरे, देवानं त्याला जीभ दिली ती खोटं बोलायला नाही, बाहेर लोंबत ठेवायला! तुमच्यात कुणाची नजर वाईट, कोण भुताळी, हे डॉक्टरला कळत नाही, पोलिसाला कळत नाही. माझ्या भैरवाच्या पोराला कळतं!"

पाण्याच्या टाकीला टेकून हेमचंद्र सर उभे होते. चाळीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेला हा माणूस एकट्यानंच पायात चपला ठेवून उभा होता. त्यांच्या मते हा फार मोठा निषेध होता. बाकी ते काही बोलले नाहीत. सतरंजीच्या पहिल्या रांगेत त्यांची बायको विमलताई बसली होती, आणि महाराजांना आणलं होतं तिनंच.

कारण काय, तर नातू वरद डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत तिसऱ्यांदा आपटला होता. वरदच्या कानात सकाळी उठल्यापासून इअरफोन असत आणि पुस्तकावर धूळ असे, पण नाचता येईना अंगण वाकडं. महाराजांनी घरात पाऊल टाकताच डोळे मिटले आणि सांगितलं, "मुलगा हुशार आहे. घरात बाहेरची नजर येते आहे." बाहेरून त्या घरात रोज एकच माणूस येई. ठाकूरवाडीतून टमटमनं येणारी मंगळी. नऊ वर्षं ती सरांकडे धुणीभांडी करत होती. मे महिन्यात पानांच्या द्रोणातून करवंदं आणून देई, आणि ती वरदच सगळ्यात जास्त खाई.

त्या संध्याकाळी विमलताईंनी तिला निरोप धाडला होता, 'कार्यक्रमाची भांडी घासायला ये.' ती आली. सोबत दहावीची परीक्षा दिलेली तिची लेक वनिता होती. मंगळीनं नळाकडे जायला पाऊल उचललं, तोच दोघा इंजिनिअरांनी तिला दंडाला धरून कुत्र्यांच्या मधोमध उभं केलं.

"काय झालं वं बाई?" मंगळी विमलताईंना विचारत होती. विमलताईंनी पदर डोळ्यांवर ओढून घेतला.

महाराज उठले. डावा हात झब्ब्याच्या खिशात, उजवा आभाळाकडे. मंगळीभोवती त्यांनी एक फेरी मारली. कुत्र्यांचे कान ताठ झाले. दुसऱ्या फेरीला एक कुत्रं रडल्यासारखं केकाटलं, मग पाचही. सोसायटीची लहान मुलं कानांवर हात दाबून आयांच्या कुशीत शिरू लागली. "आई, चीं असं वाजतंय गं," एक पोरगी म्हणाली, तर आईनं तिला चापट मारून गप्प केलं. तिसऱ्या फेरीला बावचळलेल्या तांबड्या कुत्र्यानं झेप घेतली आणि मंगळीच्या पोटरीचा लचका तोडला.

ती किंचाळली. सतरंजीवरून आवाज उठला, "सिद्ध झालं! सिद्ध झालं!"

हेमचंद्र सर टाकीला टेकूनच होते. त्यांना राग आला होता, घृणाही आली होती. पण हातात पुरावा नसताना बोलू नये, असं त्यांनी स्वतःला बजावलं. भित्र्या माणसाला शास्त्र फार छान उपयोगी पडतं.

मंगळीला सरकारी दवाखान्यात नेलं ते वनितानं, टमटमनं. दुसऱ्या दिवशी वनिता एकटीच सरांच्या दारात उभी राहिली. विमलताई देवळात गेल्या होत्या.

"सर, त्या बाबाच्या खिशात कायतरी वाजतंय."

"काय वाजतंय?"

"बारीक. कानात सुई घातल्यागत. तो फिराया लागला की वाजतं, खाली बसला की बंद. पोरांनाबी ऐकू येतंय. तुमाला नाय आलं?"

"मला नाही आलं. दोनशे माणसांना नाही आलं. तुला एकटीला कसं येईल?" सर वर्गातल्या आवाजात म्हणाले. "वनिता, मनातून वाटणं वेगळं आणि पुरावा वेगळा."

"मग बघा की पुरावा. तुमीच वाचनालयात सांगता ना, फोनात समदं असतं म्हणून."

हे मात्र खरं होतं. निवृत्तीनंतर सरांना एकच नाद लागला होता. दर महिन्याला वाचनालयात ते 'रोजच्या जीवनात उपयोगी पडणारी अकरा फुकट ॲप्स' या विषयावर व्याख्यान देत आणि शेवटी छापील यादी वाटत. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं मोठी करून दाखवणारं, गाडीची वेळ सांगणारं, रेशनकार्डाची प्रत काढणारं, गोळी घ्यायची आठवण करणारं. यादीवर त्यांचा जीव होता. सरकारी पाठ्यपुस्तकात चूक सापडेल, पण त्या यादीत सापडणार नाही, असं ते म्हणत.

वनिताला खोटं पाडावं म्हणून त्यांनी फोन काढला. यादीतलं सातवं ॲप उघडलं. पडद्यावर एक पट्टी होती, ती सरकवली की आवाज बारीक बारीक होत जाई.

"ऐकू येतंय तोवर बोट वर ठेव," ते म्हणाले आणि पट्टी सरकवू लागले. सेकंदाला पाच हजार कंपनं. आठ हजार. दहा हजारांच्या थोडं पुढे सरांपुरता फोन मुका झाला. वनिताचं बोट वर होतं. बारा हजार. चौदा हजार. सरांनी फोन कानाला लावला, हलवला, पुन्हा कानाला लावला. काही नाही. बोट तसंच.

सोळा हजारांवर वनितानं दुसऱ्या हातानं कान झाकला. "ह्योच! ह्योच आवाज सर!"

आणि खाली, गॅलरीच्या सावलीत झोपलेलं तांबडं कुत्रं ताडकन उठून केकाटलं.

सर खुर्चीत बसले. गेली चाळीस वर्षं ते स्वतः शिकवत आले होते, की वय वाढलं की माणसाचे कान बारीक आवाज सोडून देतात. मुलांना सोळा-सतरा हजार कंपनं ऐकू येतात, म्हाताऱ्यांना नाही, आणि कुत्र्याला त्याहून कितीतरी वरची. फळ्यावर आकृतीसुद्धा काढत. आपले कानही त्या आकृतीत येतात, हे तेवढं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

पण त्यांना घाम फुटला तो वेगळ्याच गोष्टीनं. यादीत छापलं होतं: 'सातवे, कुत्र्यांची शिट्टी. सकाळी फिरायला जाताना भटकी कुत्री दूर ठेवण्यासाठी. फुकट.' कुत्री दूर जातात की चवताळतात, हे त्यांनी कधी करून पाहिलं नव्हतं. आणि सहा महिन्यांपूर्वी त्या व्याख्यानानंतर कुंभिवलीत चायनीजची गाडी लावणारा गजा वही घेऊन पुढे आला होता. त्याला तेव्हा दाढी नव्हती. त्यानं एकच प्रश्न विचारला होता, "सर, फोन खिशात असला तरी हे वाजतं का?" सर खूश झाले होते. असा विद्यार्थी चाळीस वर्षांत भेटला नाही, असं त्यांनी घरी येऊन विमलताईंना सांगितलं होतं.

पुढच्या रविवारी मंगळीला कायमची बंदी घालायचा ठराव होता. तिला एकटीलाच नाही, वाडीतल्या सगळ्याच बायांना. सर्वांसमोर तिनं भुताळी असल्याचं कबूल करावं, म्हणजे वरदची बाधा उतरेल, असं महाराजांनी सांगितलं होतं. मंगळी लंगडत आली ती कबूल करायला नव्हे, वनितानं ओढून आणली म्हणून. पायाला पट्टी होती. कुत्रं चावल्याची दोन इंजेक्शनं झाली होती, आणखी बाकी होती.

या वेळी सर टाकीजवळ थांबले नाहीत. सरळ पाटाजवळ गेले.

"महाराज, एक विनंती. खिशातला फोन माझ्याकडे द्या आणि मग फेरी मारा."

"फोनमध्ये माझ्या भैरवाचा फोटो आहे. तो देहापासून दूर होत नाही."

"बरं. मग आधी मी एक चमत्कार करतो." सरांनी सोसायटीतली वीस मुलं गोळा केली आणि भिंतीकडे तोंड करून उभी केली. "बाळांनो, कानात चीं वाजलं की हात वर."

त्यांनी खिशात हात घातला. वीस हात एकदम वर गेले, पाटाजवळच्या कुत्र्यांचे कानही ताठ झाले. खिशातला हात बाहेर आला, वीस हात खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. सतरंजीवरचे मोठे लोक कान टवकारून बसले होते. त्यांना वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

"बालरूपात भैरव प्रकट झाला!" महाराज ओरडले.

"झाला ना? मग पुढचं बघा." सर आपल्या बायकोजवळ गेले आणि खिशात हात ठेवून तिच्याभोवती फिरू लागले. पाचही कुत्री उठली. विमलताईंकडे तोंड करून ती केकाटू लागली, तांबडं कुत्रं दात विचकून पुढे सरकलं.

"अहो! अहो, थांबवा हे! मी काय केलंय?" विमलताई पदर सावरत मागे सरकल्या.

"तेच मंगळी विचारत होती," सर म्हणाले आणि आणखी एक फेरी मारून मगच थांबले. ती फेरी गरजेची नव्हती.

एवढ्यात वनितानं महाराजांच्या खिशातून फोन ओढून काढला आणि सगळ्यांसमोर धरला. पडद्यावर ना भैरव ना फोटो. तीच पट्टी, सोळा हजारांवर थांबवलेली.

गजा पाटावरून उठला. पळायला वाट नव्हती, तेव्हा त्यानं तोंड उघडलं. "माझ्यावर कशाला? ह्या सरांनीच शिकवलं! खिशात असलं तरी वाजतं, म्हणून ह्यांनीच सांगितलं!"

सगळ्या माना सरांकडे वळल्या. त्यांना पळता आलं असतं, पण ते उभे राहिले.

"खरं आहे," ते म्हणाले. "मीच शिकवलं. न तपासता यादीत छापलं. आणि गेल्या रविवारी मी इथं उभा होतो, गप्प. फोन वाईट नाही आणि कुत्रीही वाईट नाहीत. शिट्टी आहे, ती कान दुखवते, एवढाच हा चमत्कार. उद्या कुणी दुसरा येईल, दुसरं काही घेऊन. तेव्हा हात जोडायच्या आधी त्याच्या खिशात काय आहे ते बघा. 'दाखव' एवढंच म्हणा. त्याला रिचार्ज लागत नाही. आणि एखाद्या पोरानं सांगितलं की मला ऐकू येतंय, तर त्याला चापट मारू नका."

जादूटोण्याविरुद्धच्या कायद्याखाली पोलीस गजाला घेऊन गेले. जाताना त्याला सगळ्यात जास्त शिव्या इंजिनिअरांनी दिल्या. मग लोक मंगळीभोवती जमले. कुणी खुर्ची दिली, कुणी सरबत आणलं. सगळे एकच सांगत होते, आम्हाला फसवलं हो त्यानं.

विमलताईंनी तिचा हात धरला. "झालं गेलं विसर गं मंगळी. आमचा काय दोष, कुत्र्यांनीच घोटाळा केला. उद्या येशील ना? आठवड्याची भांडी साचलीत."

मंगळीनं सरबताचा पेला न पिताच खाली ठेवला.

"कुत्र्यांना शिट्टी ऐकू येत व्हती, बाई," ती म्हणाली. "तुमाला तर ती ऐकूबी येत नव्हती. मग तुमी कशापायी भुकलात?"

तिनं वनिताच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघी टमटमच्या थांब्याकडे चालू लागल्या. सर फाटकापर्यंत मागे गेले, पण तिनं वळून पाहिलं नाही.