एक दिवस कमी

मी एक जुना, तपकिरी कातड्याचा बेसबॉलचा ग्लव्ह आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी मोठा जळकुटा आहे. माझे कातडे झिजले, वाद्या दोनदा बदलून झाल्या, पण स्वभाव काही बदलला नाही. सध्या माझा मुक्काम डब्लिनच्या क्लोनडॉकिन भागात, एका मराठी घराच्या जिन्याखालच्या प्रेसमध्ये असतो. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. एका बाजूला व्हॅक्यूम क्लीनर, दुसऱ्या बाजूला गणपतीचे गुंडाळून ठेवलेले मखर, आणि मध्ये मी.

माझ्या पहिल्या मालकाने मला दोन वर्षे वापरून बॉस्टनच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात देऊन टाकले. तिथे मला पियूषने उचलले. हा मूळचा पुण्याचा, डब्लिनला स्थायिक झालेला सॉफ्टवेअर इंजिनियर ऑफिसच्या कामासाठी तिथे आला होता आणि दहा वर्षांच्या लेकीसाठी काहीतरी वेगळे शोधत होता. लेकीचे नाव शर्वाणी. तिने मला डाव्या हातात चढवले आणि आठवडाभर जेवायला बसतानाही काढले नाही. बेसबॉलमध्ये उजवा हात फेकतो आणि डाव्या हातातला ग्लव्ह झेलतो. फेकणाऱ्याला पिचर म्हणतात, आणि सगळ्या मैदानाचे डोळे त्याच्यावर असतात. म्हणजे थोडेसे माझ्यावरही असतात.

तिच्या छोट्याशा क्लबात तेव्हा पिचर एकच होती, आमची शर्वाणी. दर शनिवारी मधल्या मातीच्या उंचवट्यावर ती आणि मी. पाऊस थांबला की खेळ, सुरू झाला की झाडाखाली, पुन्हा थांबला की पुन्हा आम्हीच. ते दिवस आठवले की अजून माझ्या वाद्या ताठ होतात.

मग कॉनर नावाचे नवे प्रशिक्षक आले. त्यांच्या मुठीत चेंडू मोजायचे एक बटण असायचे. शर्वाणीने चेंडू फेकला की टिक. मुलांना गवतावर बसवून ते जुन्या गोष्टी सांगत. फार पूर्वी अमेरिकेत एकच पिचर जवळजवळ प्रत्येक सामना खेळायचा. मग दोघे-तिघे आळीपाळीने खेळू लागले. पुढे चौघे झाले, दोन खेळींच्या मध्ये तीन दिवस विश्रांती. पन्नासेक वर्षांपूर्वी पाच जणांची पाळी रूढ झाली आणि विश्रांती चार दिवसांवर गेली. आता कित्येक संघ सहावाही पिचर ठेवतात. जपानात तर बहुतेक पिचर आठवड्यातून एकदाच फेकतात.

मुले माना डोलावत होती. मी मात्र वेगळाच हिशोब करत होतो. विश्रांतीचा एक दिवस वाढला की एक पिचर वाढतो, आणि पिचर वाढला की मला एक सवत येते!

सवत आलीच. नीव्ह नावाच्या लाल केसांच्या मुलीचा लालभडक, कोरा करकरीत ग्लव्ह. कॉनरनी नियम घातला. एका सामन्यात पासष्टपेक्षा जास्त चेंडू फेकले, तर मध्ये चार पूर्ण दिवस विश्रांती. आता सामने आठवड्यातून दोनदा होऊ लागले होते, त्यामुळे अर्धे सामने नीव्हचे झाले. शर्वाणी बाकावर बसून टाळ्या वाजवायची, पण तिचा डावा हात माझ्या आत मूठ आवळून असायचा. हेवा तिलाही वाटत होता. तिच्या तळहाताची भाषा मला कळायची.

गेल्या वर्षी, शर्वाणी पंधराची असताना, आमचा संघ अंतिम फेरीपर्यंत आला. बुधवारी संध्याकाळच्या सामन्यात तिने एकाहत्तर चेंडू फेकले आणि आम्ही जिंकलो. अंतिम सामना रविवारी होता. कॉनरना आयर्लंडच्या दुसऱ्या टोकाला, केरीला, बहिणीच्या लग्नाला जायचे होते. कुणी कोणत्या दिवशी किती चेंडू फेकले ते लिहिलेले विश्रांतीचे कार्ड त्यांनी पियूषच्या हातात दिले. "तिचे चार दिवस भरले तर ती, नाहीतर नीव्ह," एवढेच सांगून ते गेले.

रविवारी सकाळी शर्वाणीने मला प्रेसमधून काढून स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवले. पियूष अंगठ्याने बोटांची पेरे मोजत होता. "बुध, गुरू, शुक्र, शनी. झाले की चार!"

घरात कसलेही दिवस असेच मोजले जात. औषधाचे असोत की उपासाचे, पहिला दिवस धरूनच. पण बुधवारी मी त्या मैदानावर चिखलात होतो. प्रेसमध्ये मी पडून काढले ते तीनच दिवस. मला तोंड नाही हे खरे. असते तरी त्या सकाळी मी ते उघडले नसते.

"हात दुखत नाहीये ना गं?" पियूषने विचारले.

"आय ॲम ग्रँड, बाबा!" ती म्हणाली. इथे ग्रँड म्हणजे अगदी ठीक. वाद्या आवळताना तिचा उजवा हात कचरला, ते फक्त मला कळले.

मैदानावर पियूषने नीव्हला सांगितले की आज शर्वाणीच फेकणार. नीव्हचा चेहरा पडला. लाल ग्लव्ह बाकावर पालथा पडला आणि मला अगदी बरे वाटले.

चौथ्या डावात शर्वाणीने फेकलेला चेंडू निम्म्या अंतरातच जमिनीवर आदळला. ती कोपर धरून खाली बसली. तिची आई माधवी डॉक्टर आहे. ती ड्यूटी संपवून नुकतीच मैदानावर पोहोचली होती. धावतच आली.

"कधीपासून दुखतंय?"

"सिन्स थर्सडे."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

शर्वाणी रडत म्हणाली, "देन नीव्ह वुड हॅव गॉट द फायनल, आई."

माधवीने पियूषच्या हातातले कार्ड पाहिले. "अरे, बुधवारी ती खेळली ना? मग बुधवार विश्रांतीत कसा धरलास?"

पियूषने पुन्हा पेरे मोजली, या वेळी गुरुवारपासून, आणि तिनावर थांबला. तो आपल्या बोटांकडे बघत राहिला.

उरलेला सामना नीव्हने पूर्ण केला आणि जिंकला. शर्वाणीच्या कोपरातले लिगामेंट फाटले होते. वर्षभर फेकायचे नाही असे डॉक्टरांनी सांगितले, आणि पुढे पूर्वीसारखा जोर येईलच याची खात्री कुणीच दिली नाही. मला चार दिवसांची विश्रांती सहन होत नव्हती. आता महिन्यांमागून महिने मी प्रेसमध्ये पडून होतो.

या वसंतात शर्वाणी मला परत मैदानावर घेऊन गेली. फेकायला नाही. डाव्या हातात मी आणि उजव्या मुठीत कॉनरचे बटण. नीव्ह सराव करत होती.

"सिक्स्टी-फाइव्ह. दॅट्स यू डन," शर्वाणी म्हणाली.

"आह, गो ऑन. जस्ट वन मोअर!"

शर्वाणी उंचवट्यापर्यंत चालत गेली आणि तिने नीव्हच्या हातातून चेंडू काढून घेतला. नीव्ह कुरकुरत बाकावर जाऊन बसली.

मित्रांनो, तुमच्याजवळही अशी एखादी व्यक्ती असेल, जी दमते, दुखते आणि तरी मी ठीक आहे म्हणते. तिच्या विश्रांतीचे दिवस नीट मोजा. खेळलेला दिवस त्यात धरू नका. आणि ती थांबली की दुसऱ्याचे फावेल, या विचाराने तर तिला मुळीच पुढे ढकलू नका.

त्या दिवशी बाकावरच्या लाल ग्लव्हकडे पाहून मला पुन्हा हेवा वाटला, इतका की पूर्वी कधी वाटला नव्हता. त्याच्या मालकिणीला वेळेवर थांबवणारे कुणीतरी होते. माझ्या मालकिणीजवळ त्या रविवारी मी होतो, आणि मला फक्त सामना हवा होता.