ज्या परीक्षेला मी हजरच नव्हतो

मी कुलूप आहे, पण मला किल्ली नाही. संगणकाच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये, माझा मुक्काम. एकाच आकड्यावर दोन प्रोसेसरनी एकदम हात मारू नये, म्हणून कुमासी शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये सेर्वा नावाच्या इंजिनिअरनं मला लिहिलं. आत एक असला, की दुसरा दाराशी घिरट्या घालत राहतो. झोपत नाही, दुसरं काम करत नाही.

त्या यंत्राचं काम जोखमीचं होतं. नवजात बाळाच्या पायाला चिमटा लावायचा आणि रक्तातला ऑक्सिजन पडद्यावर दाखवायचा.

सहा आठवडे चाचणी झाली. निकाल : निर्दोष. साफ खोटं! चाचणीचा बोर्ड एकाच प्रोसेसरचा होता. तिथे दाराशी थांबायला दुसरा कुणी नाही, म्हणून कर्नेल बांधतानाच मला वगळलं गेलं होतं. मी नव्हतोच, आणि पास झालो!

विक्रीच्या यंत्रांत मात्र चार प्रोसेसर. बारा खोकी प्रसूतिगृहाच्या गाडीत चढत होती, तेव्हा सेर्वाच्या हे ध्यानात आलं.

“गाडी थांबवा, बॉस.”

“सिस्टरचा तिसरा फोन आलाय! सहा आठवडे काय झोपा काढल्या?” मालक बादू आंबवलेल्या मक्याचा उंडा, केंके, खाता खाता खेकसले.

“बोट द्या आधी. कापत नाही!”

“उजवा हात बरबटलाय. डावा पुढे करतोय, राग मानू नकोस.”

तिनं एका खोक्यातलं यंत्र काढून बोटाला चिमटा लावला आणि घोळ लवकर उघडा पडावा म्हणून सेन्सरचा वेग वाढवला. पडद्यावर ९८.

एका प्रोसेसरनं मला घेतलं. तेवढ्यात त्याच प्रोसेसरवर, नवा आकडा आलाय म्हणून, सेन्सरची घंटा वाजली. हातचं काम टाकून तो घंटेकडे धावला, आणि त्या कामालाही मीच हवा होतो! मला सोडणारा तोच, माझ्यासाठी अडलेलाही तोच. बाकीचे तिघेही एकेक करून दाराशी खोळंबले. मला ओरडता येत नव्हतं.

सेर्वानं चिमटा काढला. पडद्यावर ९८.

“बघा, बॉस. बोट नाही, तरी तुम्ही ठणठणीत.”

बादूंचा घास हातातच राहिला. “आणि बाळ निळं पडलं असतं तर?”

“९८.”

“कुणाची अक्कल ही?”

“माझीच.”

बादू दाराकडे वळून ओरडले, “खोकी उतरवा!”

दुरुस्ती दोन ओळींची होती. थांबणाऱ्याला झोपवणारं कुलूप इथे चाललं नसतं. घंटेच्या कामात झोपायला मनाई असते. मला घेण्याआधी त्या प्रोसेसरची घंटा गप्प करायची आणि सोडताना पूर्ववत करायची, एवढंच. या वेळी चाचणी चार प्रोसेसरवर झाली, आणि मी हजर होतो.

आज मी प्रसूतिगृहात आहे. इथला आकडा पडतो, चढतो, सिस्टरला धावायला लावतो. तो हलतो, म्हणून खरा. माझं मागणं एकच. “आमच्या टेबलावर चाललं होतं,” असं कुणी छाती काढून सांगितलं, तर त्याला विचारा : तेव्हा कुलूप जागेवर होतं का?