नव्या गाडीचा ब्रेक

खुर्ची मिळाली की माणूस फुगतो म्हणतात. सोपानला तर नुसती मोटारीची सीट मिळाली होती, तरी तो फुगला.

आप्पासाहेबांच्या मोटार सर्व्हिसमध्ये इनमिन दोन गाड्या. एक लढाईच्या आधीची, हँडल मारून सुरू होणारी, रबरी भोंग्याची. तिला सगळा मुलूख म्हातारी म्हणायचा आणि ती गेणबा तात्या चालवायचे. दुसरी त्रेपन्न सालच्या चैत्रात पुण्याहून आली. निळीशार, बटण दाबलं की गुरगुरणारी. ती आप्पासाहेबांनी सोपानच्या हाती दिली. म्हातारीवर क्लीनर म्हणून वर्षानुवर्षं हँडल फिरवून त्याच्या तळहातांना घट्टे पडले होते. ते झाकायला की काय, पहिल्या फेरीला गडी हातमोजे घालून आला. बारामतीच्या चैत्रात हातमोजे! गेणबा तात्या एवढंच म्हणाले, "घाम यील रं."

फेरी बारामती ते इंदापूर. पुढच्या बाकांवर कोटटोपीवाले वकील आणि कचेरीतले कारकून. निघताना आप्पासाहेबांनी बजावलं होतं, "माळव्याच्या पाट्या टपावर टाका, आत नकोत. पण माणूस मागं सोडू नका." यातलं पहिलं वाक्य सोपानने कान देऊन ऐकलं, दुसरं सोडून दिलं.

पिंपळीच्या फाट्यावर लिंबाखाली सरुबाई उभी होती. डोक्यावर पाटी, एक हात वर. दर बाजाराला ती वांगी-मिरच्या घेऊन इंदापूरला जायची, आणि पाटीत माळव्याखाली सोपानसाठी भाकरी-ठेचा असायचा. बिनआईचं पोर म्हणून तिचा जीव होता त्याच्यावर. गाडी दिसली की लांबूनच ओरडायची, "सोप्या, आरं सोप्या, खाल्लंस का काय?" सगळी गाडी हसायची आणि दोन्ही गालांत भाकरी कोंबून सोपानही हसायचा.

आज तीच हाक त्याला आधीच ऐकू यायला लागली. या लोकांसमोर सोप्या! पुढच्या बाकावरच्या वकिलांनी नुकतंच त्याला 'ड्रायव्हरसाहेब' म्हटलं होतं. त्याचा पाय ब्रेकपर्यंत गेला, तिथं घुटमळला आणि मागे फिरला. हॉर्न दाबून त्याने गाडी तिच्या पुढ्यातून भरधाव काढली. आरशात धुरळा दिसला, आणि धुरळ्यात तिचा हात अजून वरच होता. सोपानने आरशाकडे बघायचं सोडलं. लाज तिथंच वाटली होती त्याला. ती त्याने कपाळाच्या घामाबरोबर पुसून टाकली.

इंदापूरच्या स्टँडवर घेतलेला चहा काही गोड लागला नाही. थोड्या वेळाने मागून निघालेली म्हातारी भोंगा वाजवत आली आणि तिच्यातून सरुबाई उतरली. पदरावर धूळ, भुवयांवर धूळ. सोपान एवढासा झाला. ती काही बोलायच्या आत त्याच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, म्या दाबला हुता, पर ब्रेकच लागंना बघ."

सरुबाई रागावलीच नव्हती. ती घाबरली. "आगं बया! तुला लागलं न्हाय न्हवं कुठं? तरी म्हनलं, माझा सोप्या असा सोडून जायचा न्हाय."

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

तिने पाटी खाली ठेवून वरचं फडकं झटकलं. आत एक वांगं नव्हतं. नारळ, हळदीकुंकू, निरांजन, मीठमिरच्या, कण्हेरीची माळ आणि कापडात बांधलेल्या पुरणपोळ्या. "नव्या गाडीला ववाळायचं म्हून आज माळवं आणलंच न्हाय," ती जमलेल्या माणसांना सांगत सुटली. "आन् बघा, पयल्याच खेपंला दिष्ट लागली! ब्रेक गेला लेकराचा!"

मग काय, गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? परतीला नव्या गाडीत बसलेली माणसं गाठोडी घेऊन भराभरा उतरली आणि म्हातारीत दाटीवाटीने बसली. गेणबा तात्यांनी एका शब्दाने काही विचारलं नाही. पाना घेतला आणि धुतल्या सदऱ्यानिशी नव्या गाडीखाली मातीत उताणे शिरले.

"ब्रेक तर बरा दिसतुया," खालून आवाज आला. "पर तू म्हनतुयास म्हंजी काय तरी आसंल. तेलाची नळी बघतो."

वर सरुबाई मुठीत मीठमिरच्या घेऊन गाडीवरून उतरवत होती. "आल्यागेल्याची, पाप्याची, कुनाची नजर आसंल ती जळू दे."

सोपान गप्प राहिला असता तरी खपलं असतं. दुरुस्त झाला म्हणायचं, संपलं. पण एक म्हातारा नसलेलं दुखणं शोधत मातीत पडलाय, एक बाई ज्या पाप्याला जाळतेय तो इथंच उभा आहे. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तात्या, भाईर या," तो म्हणाला. "ब्रेकला काय बी झालं न्हाय." मग सरुबाईकडे न बघता, "म्या दाबलाच न्हवता, मावशी. तू ह्या लोकांम्होरं मला सोप्या म्हनशील, म्हून."

तात्या बाहेर आले, पाना पुसला, त्याच्याकडे न बघता म्हातारीकडे गेले. सरुबाईची मूठ हवेतच थांबली होती. मग तिने राहिलेला फेरा पुरा केला, कारण गाडीचा त्यात काय गुन्हा? निरांजन ओवाळलं, कुंकू लावलं, माळ घातली, चाकापाशी नारळ फोडला. सगळ्यांना खोबरं वाटलं. सोपानने हातमोजे काढून दोन्ही घट्टेवाले हात पुढे केले. तिने त्यावर खोबरं ठेवलं, वर एक पुरणपोळी ठेवली.

"घ्या, डायवरसाहेब," ती म्हणाली, आणि जाऊन म्हातारीत बसली.

त्यानंतर पिंपळीच्या फाट्यावर सोपान दर बाजाराला थांबायचा. पाटी स्वतः उतरून टपावर चढवायचा. सरुबाई बसायची, भाकरीही द्यायची. फक्त विचारायची, "खाल्लं का तुमी?"