गोदावरीच्या मादीला आग्रह

नल्लकुंट्याच्या भगवंतरावांकडून आजवर कोणी उपाशी परतलेलं नाही. दोघे तर जेवणावरून थेट दवाखान्यात गेले. अंबरपेठेतल्या मत्स्यकेंद्राला पाण्याची मोटर दान केल्याबद्दल त्यांचा सत्कार ठरला, तेव्हा त्यांच्या बायकोने, सावित्रीबाईंनी, तिथल्या संशोधक दीक्षाला बजावलं, "पोरी, यांच्या हाताशी खायचं काही ठेवू नको."

टाकीत गोदावरीतल्या, जवळजवळ नामशेष झालेल्या शिकारी माशाची मादी होती. पोटात अंडी. ही मेली तर केंद्रात दुसरी मादी नव्हती. नदीत बंधाऱ्यांमागे चिलापी हे परदेशी मासे मातलेत, पण हिला लागते बोटाएवढी निमुळती मासळी, आणि नेमकी तीच नदीतून गेलेली. दीक्षा ती कुठून कुठून मिळवून आणायची. सत्काराआधी पाहुण्यांना टाकी दाखवताना तिने त्यातल्या दोन आत सोडल्या.

"एवढंच? पोटुशी आहे ना ही?" भगवंतरावांनी विचारलं.

"बास आहे काका."

दीक्षा मोटर बघायला वळली. भगवंतरावांनी शेजारच्या हौदातून तळहाताएवढा चिलापी उचलला. "घे गं माय, लाजू नको."

पाणी उसळलं. दीक्षाने वळून पाहिलं तर मादीचा जबडा वासलेला, चिलापीची शेपटी बाहेर.

"ओढू?" भगवंतरावांनी शेपटीकडे हात नेला.

"नक्को! पाठीचे काटे उभे राहून घशात रुततील. काकू, कात्री!"

सावित्रीबाईंनी फीत कापायची कात्री तबकासकट आणली. दीक्षा टाकीत उतरली. एक काटा तुटला. मग दुसरा. चिलापी निघाला, पण मादी उताणी झाली.

"काका, उतरा! हिचं तोंड मोटरच्या धारेकडे धरा. दाबू नका."

इस्त्रीच्या पँटीसकट भगवंतराव कमरेएवढ्या पाण्यात. बाहेर मंडपात माइकवरून त्यांच्या दातृत्वाचं वर्णन चाललं होतं. मग त्यांना मंचावर बोलावलं. मग पुन्हा बोलावलं. ते हलले नाहीत.

"कल्ला हलला बघ!"

"धारेने हलतोय."

"मेली काय गं?"

"धरून ठेवा."

"हिला काही झालं तर घरी यायचं नाही," काठावरून सावित्रीबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

बऱ्याच वेळाने भगवंतरावांच्या तळहातांना काहीतरी ढकलू लागलं. अगदी हळू. मग जरा रागाने.

"सोडा काका."

"जाईल ना नीट?"

"तिला जायचंच आहे. सोडा तुम्ही."

त्यांनी बोटं उघडली. मादी वाकडीतिकडी पोहत, त्यांच्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब, टाकीच्या पार टोकाला जाऊन थांबली. तिथे धार पोचत नव्हती. कल्ले हलत होते.