छावणीतली ओळखपरेड

दोन हजार तेराच्या दुष्काळी उन्हाळ्यात नांदूरघाटजवळच्या एका गावात सोसायटीनं चारा छावणी उघडली. जनावरांच्या शिंगांवर रंगवलेले नंबर महिनाभरात उडाले, आणि साखराबाईंचा पाखऱ्या कुठला नि शहादेवचा बैल कुठला, यावरून भांडण जुंपलं. दोन्ही बैल काळे, दोघांच्याही बरगड्या वर आलेल्या. त्यात साखराबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू.

"मावशे, तुला दिसत न्हाई अन् बैल वळखतीस?" शहादेव म्हणाला.

"हातानं वळखते."

सोसायटीचे चेअरमन सुंदरराव यांना गंमत वाटली. त्यांनी उपरण्यानं साखराबाईंचे डोळे बांधायला लावले आणि अट घातली, "हात नुसता ठेवायचा. हलवायचा न्हाई."

साखराबाईंनी पहिल्या बैलावर पंजा ठेवला.

"काय कळलं?"

"ऊब अन् केस."

दुसऱ्यावर ठेवला. "हितंबी ऊब अन् केस."

लोक हसले. शहादेव कासरा सोडू लागला.

"थांब रे! चेअरमनसाहेब, तुमी बाजारात नजर एका जागी खिळवून हिंडता का? मग माझा हात कावून बांधून ठिवता?"

"बरं, हलवा," सुंदरराव म्हणाले.

मग हात चालू लागला. मानेवर बोटं घासली, जुवाचा घट्टा दाबून पाहिला, कानाच्या कडेकडेनं अंगठा फिरवला. गोचीड काढताना रोज लागणारी खाच तिथं सापडली.

"ह्यो माझा पाखऱ्या!"

"अंदाज लागला," शहादेव पुटपुटला आणि रांगेच्या टोकाचा तिसरा काळा बैल ओढून आणला. "आता ह्यो कुणाचा सांग."

साखराबाईंचा हात पाठीवरून पोटाकडे उतरला आणि थबकला. परत वर गेला, परत उतरला.

"अगं बया, ह्याच्या बरगड्या कुठं गेल्या? बोट रुततंय की!" हात शिंगावर चढला. "अन् टोकांना ह्या पितळी शेंब्या! गावात तुमच्याच बैलाला हायत त्या. चेअरमनसाहेब, तुमच्या मळ्यात तर हिरवा घास हाय. मग तुमचा बैल हितं कावून?"

सगळ्यांना ते रोज दिसत होतं, बोललं मात्र कुणीच नव्हतं.

सुंदरराव खाकरले. "पाणी प्यायला आला आसंल."

"म्हैनाभर?" मागून कुणीतरी विचारलं, आणि शहादेवसकट सगळी छावणी हसत सुटली.

संध्याकाळी तो बैल मुकाट्यानं मळ्यात गेला. दुसऱ्या दिवशी छावणीच्या दारात पाटी लागली: 'जनावरांना हात लावू नये.'

साखराबाईंना ती दिसली नाही.