गुप्त आधार गट, शुक्रवार पेठ

एका माणसाशी बोलणं जमेना, म्हणून सुभेदार सिद्धनाथ यांनी संस्था काढली.

तो माणूस म्हणजे त्यांच्याच गल्लीतला संघपाल. फायर ब्रिगेडमध्ये अठरा वर्षं बंबाचा ड्रायव्हर. एका आगीवरून परत आला आणि दुसऱ्या दिवशी दोन महिन्यांची रजा टाकून घरी बसला. रजा संपली की एक तर हजर व्हायचं, नाहीतर नोकरी सोडल्याचा अर्ज द्यायचा. अर्ज त्यानं पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवला होता. सही तेवढी राहिली होती.

त्याची बायको धम्मप्रिया बालवाडीत शिकवते. ती एक दिवस सुभेदारांच्या दारात आली.

"मामा, तुमी तरी बोला की त्यांच्याशी. माझ्याशी भाजी कोणती, याच्यापलीकडं बोलत न्हाईत."

सुभेदारांनी फौजेत अठ्ठावीस वर्षं माणसांना हुकूम दिले होते. एकट्या माणसाजवळ बसून 'काय झालं रे' असं विचारायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. ते दोनदा संघपालच्या जिन्यापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा नळाला पाणी कधी येतं याची चौकशी करून परतले. शेवटी पुण्यात नर्सिंग शिकवणाऱ्या मुलीला, ऋतुजाला, त्यांनी फोन केला. ती म्हणाली, "बाबा, असं काम केलेल्या लोकांचे गट असतात. आपसात बसून बोलतात." आणि तिनं तीन नियम लिहून पाठवले. सल्ला द्यायचा नाही. ऐकून घ्यायचं. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही.

सुभेदारांनी नियमांचं लॅमिनेशन करून घेतलं. तिसरा नियम त्यांना फार पटला. इतका, की तो त्यांनी फ्लेक्सवर टाकला.

फ्लेक्स आठ बाय सहाचा, गल्लीच्या तोंडाशी, सगळ्यांना दिसेल असा. वर नाव: 'माजी सैनिक व आपत्कालीन सेवक परस्पर आधार गट'. मध्ये तिन्ही संस्थापक सदस्यांचे फोटो. सुभेदार गणवेशात. निवृत्त नाईक युवराज, जो हल्ली एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतो, तो गॉगलमध्ये. संघपालचा फोटो धम्मप्रियाकडून मागून आणला होता. तो मेहुण्याच्या लग्नातला असल्यामुळे त्यात त्याला फेटा होता. खाली सर्वांत मोठ्या अक्षरांत: 'येथे बोललेले सर्व काही गुप्त राहील'. त्याखाली तिघांचे मोबाइल नंबर.

संघपाल फ्लेक्सखाली बराच वेळ उभा राहिला.

"मामा, गुप्त हाय तर फोटो कशाला?"

"गुप्त हाय, हे लोकांना कळाय नको का?"

एवढा फेट्यासकट फोटो लागल्यावर न जाणं म्हणजे गल्लीभर कारणं सांगत फिरणं. त्यापेक्षा जाणं सोपं होतं. संघपाल गेला.

बैठक दर शनिवारी पाचला, तालमीच्या वरच्या खोलीत. सुभेदारांना सुरुवात कशी करायची ते माहीत होतं, कारण फौजेत ती एकाच पद्धतीनं होते. हजेरी घ्यायची, मग प्रत्येकानं रिपोर्ट द्यायचा.

"नाईक युवराज, रिपोर्ट."

"सब ठीक, साहेब."

"संघपाल?"

"ठीक हाय."

"मी पण ठीक. चहा सांगा."

युवराज हे सगळं वहीत लिहून घ्यायचा. पाचव्या शनिवारी त्याला कंटाळा आला आणि त्यानं तिघांच्या नावापुढं 'वरीलप्रमाणे' असं लिहिलं. सहाव्या शनिवारी धम्मप्रियानं सुभेदारांना जिन्यात गाठलं.

"काय बोलतात का, मामा?"

"रिपोर्ट चांगला हाय. सलग सहा आठवडे."

"घरी अर्ज उशाखाली घेऊन झोपतात," ती म्हणाली. "रजा संपायचा सोमवार आला की जवळ. येता न्हाय, पुढचा."

म्हणजे हातात एकच शनिवार उरला होता.

त्या शनिवारी खोलीत चौथा माणूस आला. सीमेलगतच्या मैंदर्गीचा श्रीशैल, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. पेशंट सोडून परत जाताना गल्लीच्या तोंडाशी टेम्पो आडवा लागला होता, तेव्हा नाइलाजानं त्यानं अख्खा फ्लेक्स वाचला. घरात तो कन्नड बोलतो, गाडीत मराठी.

हजेरी झाली. युवराज ठीक होता. संघपाल ठीक होता.

"श्रीशैल, रिपोर्ट."

"ठीक न्हाय की हो," श्रीशैल म्हणाला.

युवराजचं पेन थांबलं. सुभेदारांनी घसा साफ केला. ठीक नाही म्हटल्यावर पुढं काय विचारायचं, याचा सराव अठ्ठावीस वर्षांत कुणी करून घेतलेला नव्हता. त्यांनी लॅमिनेशन पुढून वाचलं, मागून बघितलं. मागं कोरं होतं.

"ऐकून घ्यायचं," ते शेवटी म्हणाले. "बोल."

"लई काय न्हाय. अक्कलकोट रोडला मागच्या महिन्यात मोटरसायकलवाला उचलला. स्ट्रेचरवर घेताना त्यानं माझा शर्ट असा धरला. हितं, खिशापाशी. सोडंना. दवाखान्यात पोचलो तवा गेलेला. आता बायको त्यो शर्ट रोज इस्त्री करून ठेवती. मला घालायला होत न्हाय, आन तिला का ते सांगायला होत न्हाय. बास. एवढंच."

"दुसरा शर्ट घाल की," युवराज म्हणाला.

सुभेदारांनी पहिल्या नियमावर बोट ठेवलं.

सुभेदारांना निदान चार वाक्यं सुचली होती. सगळी धीर देणारी होती आणि सगळी सल्ल्यात मोडत होती. ते ओठ मिटून बसले. पलटणीतल्या कुणी त्यांना या अवस्थेत ओळखलं नसतं.

"सायरन चालू होता का तुझा?" संघपालनं अचानक विचारलं.

"व्हता की."

"लोक बाजूला झाले?"

"झाले थोडे. का?"

संघपाल वहीकडं बघत बोलायला लागला. "टॉवेलच्या गोदामाला लागलेली. मी बंब घेऊन निघालो, तर मधल्या रस्त्यात वरात. डीजे, घोडा, समदं. मी सायरन दाबून धरला. तर त्यास्नी वाटलं डीजेचाच हाय. नाचाय लागले त्याच्यावर. मी जितका जोरात वाजवतोय, तितके हात वर. एक म्हातारा माझ्या बोनेटवर नोट ओवाळून गेला."

कुणीही हसलं नाही. हसण्यासारखं होतं, हे चौघांनाही कळत होतं.

"सात मिनटं गेली. गोदामात राखणदार झोपला व्हता. धुरानं गेला. त्याला बाहेर काढला तवा अंगावर काय सुदीक भाजलेलं नव्हतं." तो थांबला. "आता सायरनचं बटण नुसतं आठवलं तरी मला ते नाचतानाच दिसत्यात."

युवराजनं वही मिटली. आज काही लिहायचं नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"सोमवारचं काय?" सुभेदारांनी विचारलं. प्रश्न विचारण्याला नियमांत बंदी नव्हती.

"ठरलं न्हाय. स्टेरिंगवर मी बसणार न्हाय एवढं खरं. ब्रिगेडमध्ये आगीचे फोन घ्यायलापन माणूस लागतो, पन ड्रायव्हरनं ते केलं तर त्याला खाली उतरणं म्हणत्यात."

सुभेदारांनी तोंड उघडलं, श्वास घेतला आणि तो तसाच सोडून दिला.

"तू सही कर न्हायतर नको करू," श्रीशैल म्हणाला. "शनवारी मात्र ये. मी काय या दोघांपुढं एकटा बसणार न्हाय. एक बंदूकवाला, दुसरा शिस्तवाला."

संघपालला हसू आलं. बारीकसंच, पण युवराजनंही ते पाहिलं.

रात्री जेवणं झाल्यावर धम्मप्रिया सुभेदारांच्या दारात आली. "मामा, आज दीड तास लागला. काय म्हणाले? सही करणार का?"

सुभेदार उंबऱ्यातच उभे राहिले. त्यांना सगळं माहीत होतं, आणि ही बाई दोन महिने झोपली नव्हती, हेही दिसत होतं.

"पोरी, ते मला सांगता येत न्हाय."

"म्हणजे बोलले."

"तेपन सांगता येत न्हाय."

तिनं त्यांच्याकडं नीट पाहिलं आणि ती जिना उतरली. सुभेदारांना आपण फार निर्दय वागलो असं वाटलं. त्यांनी ऋतुजाला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "बरोबर केलंत." त्यांना तरीही तसंच वाटत राहिलं.

रविवार भाजीपलीकडे न बोलता गेला.

सोमवारी सकाळी धम्मप्रिया बालवाडीला जायची तयारी करत होती. संघपाल आंघोळ करून बाहेर आला. खाकी पँट घातली, बूट शोधले, उशाखालचा कागद काढून खिशात ठेवला. ती बघत राहिली. कागद द्यायला जायचं म्हटलं तरी खाकीतच जावं लागणार, हे तिला समजत होतं. म्हणून तिनं काही विचारलं नाही.

तो दारापर्यंत गेला आणि वळला.

"डबा?"

दोन महिन्यांत तिनं डबा भरला नव्हता. आजही भरला नव्हता. अर्ज देऊन तासाभरात परत येणाऱ्या माणसाला डबा लागत नाही.

"थांबा, दहा मिनटं," ती म्हणाली आणि तवा चढवला.

"उशीर होईल. पहिला दिवस फोनवर हाय, नऊला बसायचं ब्रिगेडच्या साहेबांनी काल कळवलंय." त्यानं चप्पल-बुटांच्या ढिगातून वाट काढली, मग जिन्यात जाऊन वर बघून म्हणाला, "करून ठेव. दुपारी श्रीशैल गाडी घेऊन हितनं ब्रिगेडकडं येणार हाय, त्याच्याकडं दे. भाकरी दोन जास्त घाल, त्यो पन जेवल."

"कोण श्रीशैल?"

संघपाल दोन पायऱ्या उतरून थांबला. थोडा वेळ विचार करून म्हणाला, "ते मला सांगता येत न्हाय," आणि निघून गेला.

धम्मप्रियानं बालवाडीला उशिरा येत असल्याचा फोन केला आणि पीठ मळायला घेतलं.