राखेबाहेरचे ठिपके

बाळगोळी सासूबाईंच्या तळहातावर होती. ज्वारीच्या दाण्याएवढी, काळी.

"जरा उगाळून जिभेला लावते, मग निजेल तरी," त्या म्हणाल्या. "रडून रडून घसा बसलाय गं त्याचा."

बाळ माझ्या मांडीवर होतं. दोन महिन्यांचा माझा रघुवीर. रडणंसुद्धा आता उरलं नव्हतं, नुसतं तोंड उघडायचं नि मिटायचं. बाळंतपणानंतर मला ताप भरला आणि अंगावरचं दूध आटलं, तेव्हापासून तो गाईच्या दुधावर होता. ते त्याच्या पोटात ठरत नव्हतं. काल दुपारी ओकला. संध्याकाळी ओकला. आज सकाळी पुन्हा.

मोरीत सखुबाई भांडी घासत होती. रोज लालबागेहून चालत येते, नवरा गिरणीत आहे. "माझी तीन पोरां ह्या गोळयेरच वाढली, बाय," ती म्हणाली. "सकाळची घालतंय नि कामार येतंय. सांजेपर्यंत आवाज नाय."

"आणि चौथं?" मी विचारलं.

तिचं चौथं गेल्या साली झोपेतच गेलं, हे आमच्या साऱ्या वाडीला ठाऊक होतं. बोलू नये ते मी बोलले. सखुबाईने मान वर केली नाही. तांब्या मात्र फार जोराने घासू लागली.

"मीनाक्षी!" सासूबाई म्हणाल्या.

"डॉक्टरांनी बजावलंय हो, सासूबाई. गोळीत अफू असते. एवढं अशक्त पोर निजलं तर उठायचं नाही म्हणाले."

"मग तुझ्या डॉक्टरचं दूध ठरतंय का त्याच्या पोटात? एवढं सांग."

हे डॉक्टरांना आणायला गेले होते. ठाकुरद्वारच्या दवाखान्यात ते नसतात या वेळी. परळला गिरणीवाल्यांच्या चाळींत फिरतात. ट्रामने जायचं, चाळी धुंडाळायच्या, परत यायचं. तोवर माझ्या मांडीवरचा हा जीव कसा तगवायचा?

माझी नजर जमिनीवर गेली. चुलीपलीकडे, सारवलेल्या भुईवर, परवा यांनी काढलेले ठिपके अजून तसेच होते.

डॉक्टर परवा आले तेव्हा म्हणाले होते, "अमुकच माप द्या असं मी सांगणार नाही. बाळाकडे बघून कमीजास्त करा. पण तीन गोष्टी मोडू नका. दूध तीन पळ्यांहून कमी नको, नाहीतर अंगी लागणार नाही. पाणी दुधाहून कमी नको, नाहीतर पचणार नाही. आणि दोन्ही मिळून आठ पळ्यांवर नको, एवढंसं पोट ते." सासूबाईंनी पुढे केलेली देवघरातली चांदीची पळी त्यांनी हातात घेतली, त्याच पळीने आठ पळ्या पाणी एका वाटीत मोजून ओतलं. वाटी काठोकाठ भरली. "याच्यावर थेंब नको."

सासूबाई गोंधळल्या. हे शाळेत बीजगणित शिकवतात, म्हणाले, "आई, तुला चित्रच काढून देतो." माझ्याच रांगोळीने त्यांनी ओळीने ठिपके घातले. उजवीकडे सरकलं की दुधाची एकेक पळी वाढते, भिंतीकडे सरकलं की पाण्याची. मग एक तिरपी रेघ ओढली, दोन्ही मिळून आठ होतात त्या ठिपक्यांतून.

"आता रेघेची कोणती बाजू आपली? कोपऱ्यातला पहिला ठिपका घेऊन बघायचं. दूध शून्य, पाणी शून्य. मिळून आठाच्या आत आहे ना? म्हणजे ती बाजू चालेल."

"शून्य काय, अभद्र!" सासूबाई ओरडल्या. "पोराला काहीच द्यायचं नाही म्हणे!"

"थांब गं. म्हणूनच दुसरी रेघ आहे." त्यांनी दुधाच्या तिसऱ्या ठिपक्यावरून उभी रेघ ओढली. "इथे शून्य चालत नाही. म्हणजे कोपऱ्याकडची बाजू गेली." तिसरी रेघ दूध-पाणी सारखं असलेल्या ठिपक्यांची. ती कोपऱ्यातूनच जात होती, म्हणून तिथे शून्य उपयोगाचं नव्हतं; त्यांनी चार पळ्या दूध नि पाणी काहीच नाही, असा ठिपका घेऊन बघितला. तो बाद. मग जी जी बाजू नको, तिच्यावर चुलीतली राख पसरली. मध्ये एक लहानसा त्रिकोण स्वच्छ राहिला, त्यात चार ठिपके. "रेघेवरचं चालेल. राखेतलं नाही. या चारांत तू हवं ते दे."

सासूबाईंना ते पटलं होतं. कालपासून त्या प्रत्येक वेळी वाकून ठिपका बघायच्या नि मगच दूध करायच्या. तीन दूध, तीन पाणी. आणि प्रत्येक वेळी पोर दह्यासारख्या गुठळ्या ओकायचं.

"सासूबाई," मी म्हटलं, "एकदा मला करू द्या. सगळ्यांत पातळ ठिपका घेते. हेही नाही ठरलं तर..."

"तर गोळी," त्या म्हणाल्या. कठोरपणे नाही. त्यांचेही डोळे सुजले होते.

बाळाला त्यांच्या मांडीवर दिलं. तीन दूध, पाच पाणी. हा त्रिकोणाचा वरचा टोकाचा ठिपका, नेमका रेघेवरचा. उकळून निवलेल्या पाण्याच्या भांड्यात चांदीची पळी होती, दुधाच्या पातेल्यात पितळेची. दुधाची पळी पाण्यात बुडवायची नाही, हा आमच्या घरचा दंडक; माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा. डॉक्टरांच्याच वाटीत मी पितळेच्या पळीने तीन पळ्या दूध घातलं. मग पाणी. एक. दोन. तीन. चौथी पळी ओतली आणि दूध वाटीच्या काठावरून माझ्या बोटांवर आलं.

"हात कापतोय तुझा," सासूबाई म्हणाल्या. "सांडू नको गं."

हात कापत होता हे खरं. पण वाटी काठोकाठ भरली होती, आणि एक पळी अजून घालायची होती. मी तशीच बसून राहिले. आठ पळ्यांना ही वाटी भरते, डॉक्टरांनी माझ्यासमोर भरली. रेघेवरचा ठिपका म्हणजे बरोबर आठ. मग सातातच वर कशी आली?

"काय झालं? बघतेस काय?"

"आधीच्या वेळांना तुम्ही तीन-तीन घातलंत, तेव्हा वाटी किती भरायची हो?"

"भरायची की. काठाला जरा कमी."

सहा पळ्यांना? मी पितळेची पळी धुतली, पुसली, डाव्या हातात आडवी धरली. चांदीच्या पळीने पाणी घेतलं नि वरून तिच्यात ओतलं.

"अगं, पाण्यात..."

"बुडवली नाही, सासूबाई. वरून ओततेय."

पितळेची पळी भरली नाही. दुसरी पळी ओतली. अर्धी आत गेली, अर्धी चांदीच्या पळीतच उरली. पितळेची काठाला लागली होती. सासूबाई बाळाला घेऊन पुढे वाकल्या. सखुबाईसुद्धा ओल्या हातांनी मोरीच्या उंबऱ्याशी आली.

"दीडपट," मी म्हणाले. "डॉक्टर म्हणाले ती पळी चांदीची. आपली दुधाची पळी तिच्या दीडपट आहे. तीन घातलं की साडेचार पळ्या दूध जायचं त्याच्या पोटात. आणि पाणी तीनच."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "मी घातलं," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या हाताने."

"तुम्ही ठिपक्याप्रमाणे घातलंत. ठिपकेच चुकले. दोन पितळेच्या म्हणजे तीन चांदीच्या, एवढं ध्यानात ठेवून रेघा नव्या काढायच्या."

पोराने तोंड उघडलं नि मिटलं. मला यांची वाट बघायला वेळ नव्हता. ओल्या फडक्याने रेघा नि राख पुसली, ठिपके तेवढे पुन्हा घातले. दूध निदान तीन चांदीच्या, म्हणजे दोन पितळेच्या: उभी रेघ एक ठिपका अलीकडे आली. दोन दुधाला तीन पाणी: सारखेपणाची रेघ कोपऱ्यातून जास्त उभी चढली. आठाची रेघ: दूध काहीच नाही तर पाणी आठ, दूध दोन तर पाणी पाच, दूध चार तर पाणी दोन. तिन्ही ठिपके एका ओळीत आले तेव्हा जीव जरा खाली बसला. राख पसरली. सकाळपर्यंत चांगले असलेले चारही ठिपके राखेखाली गेले.

तीन उरले. एकावर एक, दोन दुधाच्या उभ्या रेघेवर.

"यातला कुठला?" सासूबाईंनी विचारलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्या मला विचारत होत्या.

"मधला. वर-खाली एकेक ठिपका मोकळा राहील."

दोन दूध, चार पाणी. वाटी काठाखाली राहिली. बोंडल्यात ओतून मी त्याच्या ओठांशी लावलं. आधी बाहेरच आलं, गालावरून मानेत गेलं. मग जीभ हलली. घोट. पुन्हा घोट. मी मनात काही म्हणत नव्हते, देवाचं नावसुद्धा नाही. नुसती त्याचा घसा वर-खाली होताना बघत होते.

बोंडलं रिकामं झालं. सासूबाईंनी त्याला खांद्यावर घेतलं. आता ओकायची वेळ. दर वेळी इथेच व्हायचं: आधी पाय आखडायचे, मग कपाळाला आठी, मग सगळं बाहेर.

पाय आखडले.

"बाळा, बाळा, बाळा," सासूबाई पाठ चोळत म्हणाल्या. त्यांच्या दुसऱ्या मुठीत ती गोळी होती, अजून.

त्याने ढेकर दिली. मोठी, म्हाताऱ्यासारखी. एक थेंब दूध ओघळलं, पातळ, गुठळी नसलेलं. मग पाय सैल पडले आणि तो सासूबाईंच्या मानेत तोंड खुपसून पडून राहिला. आम्ही तिघी हललो नाही. बाहेर कुणी तरी कोळीण "बोंबील, ताजे बोंबील" ओरडत गेली, तिचा आवाज गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत आम्ही तशाच होतो.

"निजला गो," सखुबाई कुजबुजली. "आपणहून निजला." आणि पदर डोळ्यांना लावून मोरीत गेली. मी तिच्या मागे गेले. तिच्या हातातलं पातेलं घेतलं नि मीच विसळलं. तिने घेऊ दिलं.

परत आले तेव्हा सासूबाईंनी गोळी चुलीत टाकलेली होती.

उन्हं कलल्यावर जिन्यात पावलं वाजली, दोघांची. हे पुढे, घामाने चिंब, मागे डॉक्टर. दार ढकलून हे आत धावत येणार तोच सासूबाईंनी हात आडवा केला.

"माधव! पाय बघून टाक," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "रेघा पुसशील. त्याची पुढची वेळ व्हायची आहे अजून."